सिम रेसिंगचे ग्लोव्हज: नागपूरच्या गरमीत कोणते घ्यायचे, कसे टिकवायचे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सिम रेसिंग करणाऱ्यांकडून, म्हणजे घरी टेबलाला स्टिअरिंग व्हील लावून गेममध्ये गाडी पळवणाऱ्यांकडून, ग्लोव्हजबद्दल तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो कारण खालचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. ग्लोव्हज कंपनीचं नाव बघून घेऊ नका, तुमच्या पंजाचं माप आणि तुमच्या व्हीलच्या रिमवर, म्हणजे हातात धरायच्या कड्यावर, काय मढवलंय ते बघून घ्या, आणि नागपुरात राहत असाल तर मापात बसणारा जितका पातळ मिळेल तितका पातळ घ्या.

भाऊ, ग्लोव्हज खरंच लागतात का, की उगाच खर्च आहे?

सगळ्यांना लागत नाहीत, हे आधी स्पष्ट. तुमच्याकडे लॉजिटेक जी २९ किंवा जी ९२३ सारखं व्हील आहे, संध्याकाळी अर्धा-पाऊण तास खेळता आणि हाताला घाम येत नाही, तर पैसे वाचवा आणि ते पेडलखाली चांगली पाटी बसवायला वापरा, त्याचा फायदा जास्त दिसेल.

लागतात कधी, तर व्हीलची ताकद वाढली की. जी २९ चा जोर साधारण २.२ न्यूटन मीटर (व्हील फिरवणारा जोर याच एककात मोजतात), म्हणजे २८ सेंटीमीटरच्या रिमवर हाताला दीड किलोच्या आसपास ओढ जाणवते. फॅनाटेकचा सीएसएल डीडी घेतला तर ५ न्यूटन मीटर, बूस्ट किट, म्हणजे जास्त ताकदीचा पॉवर सप्लाय, लावलं की ८, मोझा आर ५ चा ५.५ आणि आर ९ चा ९. म्हणजे ९ न्यूटन मीटरवर ३० सेंटीमीटरचा रिम असेल तर सहा किलोची ओढ दोन हातांत वाटली जाते, तीही सतत दिशा बदलत, आणि कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून, गेलात की झटक्याने. सिम्युक्यूब २ प्रो तर २५ न्यूटन मीटरपर्यंत जातं, तिथे ग्लोव्हज हवेत का हा प्रश्नच कोणी विचारत नाही.

दुसरं कारण घाम. तिसरं म्हणजे रिमवर स्वेड, म्हणजे मऊ लव असलेलं चामडं, असेल तर, कारण तिथे ग्लोव्हज तुमच्या हातापेक्षा जास्त त्या रिमला वाचवतात.

ग्लोव्हज घातल्याने लॅप टाइम कमी होतो का?

नाही. पण तासाभराची रेस असेल तर शेवटच्या पंधरा मिनिटांत हात घसरत नाही, मध्येच पँटला हात पुसावा लागत नाही, त्यामुळे शेवटचे लॅप सुरुवातीच्या लॅपसारखे निघतात. रेस पूर्ण करायची असेल तर तेवढं पुष्कळ आहे.

माझ्या तळहाताला फोड काहून येतात? मी तर रिम घट्ट धरतो, घसरूच देत नाही.

घट्ट धरता म्हणूनच येतात. फोड येतो तो कातडीचा वरचा थर आणि खालचा थर एकमेकांवर सरकल्यामुळे, आणि थोडी ओलसर कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त चिकटते, म्हणून रिम फिरतो तेव्हा वरची कातडी त्याच्यासोबत ओढली जाते आणि आतली जागच्या जागी राहते. अंगठा आणि तर्जनीच्या मधली खाच आणि अनामिकेच्या मुळाशी असलेला उंचवटा, या दोन जागा आधी लाल होतात.

ग्लोव्हज इथे मदत करतात कारण सरकायचं काम कापड करतं, कातडी नाही. पण त्यासाठी ग्लोव्ह हाताला चिकटून बसला पाहिजे. ढिला असेल तर तो आतल्या आत घासतो आणि फोड तिथेच, तसाच येतो.

आणि एक काम ग्लोव्हज घ्यायच्या आधी करून बघा, फुकट आहे. फोर्स फीडबॅकचा, म्हणजे व्हील हाताला उलट जोर देतं त्याचा, गेन (त्या जोराची पातळी) गेमच्या सेटिंगमध्ये थोडा कमी करा. बरेच जण छोट्या व्हीलवर गेन शंभरवर ठेवतात, मग सिग्नल क्लिप होतो, म्हणजे वळणात जोर एकाच पातळीवर जाऊन अडकतो आणि टायर कधी सुटतोय ते हाताला कळतच नाही. कळत नाही म्हणून माणूस आणखी घट्ट धरतो. गेन कमी केला की पकड आपोआप सैल होते. हात पावणेतीनच्या जागी ठेवा, म्हणजे घड्याळात नऊ आणि तीन असतात तिथे, आणि सरळ रस्त्यावर मुद्दाम बोटं सैल सोडायची सवय लावा.

रिम चामड्याचा आहे की स्वेडचा, त्याने ग्लोव्हजमध्ये काय फरक पडतो?

खूप फरक पडतो, आणि ग्लोव्हज घेताना हेच सगळ्यात कमी विचारलं जातं.

चामड्याचा रिम, जसा जी २९ वर येतो, हा घामाने निसरडा होतो. त्याच्यावर स्वेड किंवा मायक्रोफायबर तळव्याचे ग्लोव्हज छान बसतात. साधे सुती ग्लोव्हज मात्र घसरतात, ते घालून जोरात वळण घेतलं की हात रिमवरून फिरतो आणि रिम तिथेच राहतो.

स्वेड किंवा अल्कांटारा मढवलेला रिम असेल तर उघड्या हाताने चालवूच नका, मी हे सगळ्यांना अगदी हात जोडून सांगतो. अल्कांटारा हे जनावराचं कातडं नाहीच मुळात, पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचं कृत्रिम कापड आहे, १९७० मध्ये जपानच्या टोरे कंपनीतल्या संशोधकाने ते बनवलं आणि इटलीत त्याचा धंदा उभा राहिला. त्याचे बारीक तंतू उभे असतात तोवर पकड असते. हाताचं तेल आणि घाम लागला की ते तंतू एकमेकांना चिकटून आडवे पडतात, रिम काळपट आणि गुळगुळीत होतो, आणि मग तो चामड्यापेक्षाही जास्त घसरतो. तर्री पोहे खाऊन तसंच रेसला बसायचं असेल तर साबणाने हात धुवा, मग ग्लोव्हज घाला, नुसतं टिश्यूने पुसून तर्रीचं तेल जात नाही.

रबराचा रिम असेल, जसा स्वस्तातल्या व्हीलवर असतो, तर पकड आधीच चांगली असते. तिथे तळव्यावर सिलिकॉनचे ठिपके असलेले ग्लोव्हज घेऊ नका, रबरावर सिलिकॉन इतकं चिकटतं की रिम हातातून सोडून परत पकडायला त्रास होतो. ड्रिफ्टिंग करणाऱ्यांना, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत चालवणाऱ्यांना, तर रिम हातातून फिरू द्यावा लागतो, त्यांनी सिलिकॉनवाले अजिबातच घेऊ नयेत.

नागपूरच्या उन्हाळ्यात ग्लोव्हज घालून कोण बसेल? हात उकडून निघतील ना.

प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री नोंदलं गेलं होतं आणि नवतप्यात रात्री दहालाही भिंती गरम असतात. पुण्या-बंगलोरच्या खोलीत बसून कोणी व्हिडिओत अमुक ग्लोव्हज सांगितले म्हणून ते इथे चालतीलच असं नाही.

आपला उन्हाळा कोरडा असतो, हे मात्र ग्लोव्हजच्या फायद्याचं आहे. कोरड्या हवेत घाम पटकन उडतो आणि उडताना हात गार करतो, फक्त त्याला उडायला वाट पाहिजे. म्हणून पंजाच्या मागच्या बाजूला जाळीचं कापड असलेला, एकेरी थराचा ग्लोव्ह घ्या. मागे निओप्रीन (फोमसारखं रबर) किंवा जाड स्पंज असेल तर नाहीच, तो घाम आत कोंडून ठेवतो. कूलरची हवा मॉनिटरच्या मागून तोंडावर घेण्यापेक्षा बाजूने हातांवर घ्या, जाळीतून ती आत जाते आणि फरक लगेच कळतो.

खरा त्रास जूनच्या शेवटी सुरू होतो, पाऊस लागला की. हवेतच ओल असते, कूलर लावला तर आणखी ओल वाढते, घाम उडतच नाही. त्या दोन-अडीच महिन्यांत कूलरमध्ये पाणी न घालता नुसता फॅन म्हणून चालवा, आणि ग्लोव्हजच्या दोन जोड्या ठेवा, आज एक उद्या दुसरी. एकच महागडी जोडी घेण्यापेक्षा मध्यम किमतीच्या दोन घेतल्या तर त्या दोन्ही जास्त दिवस जातात, कारण प्रत्येकीला पूर्ण वाळायला वेळ मिळतो.

माप कसं घ्यायचं? नेहमी ऑनलाइन मागवले की एक तर फाटायला होतात नाही तर बोटं लोंबतात.

शिंप्याकडे असतो तो टेप घ्या. ज्या हाताने लिहिता त्या पंजाभोवती, अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून टेप फिरवा, मूठ अर्धी मिटून, कारण रिम धरताना हात तसाच असतो आणि पंजा उघड्या हातापेक्षा थोडा रुंद होतो. मग मधल्या बोटाची लांबी घ्या, टोकापासून तळहाताला जिथे घडी पडते तिथपर्यंत. दोन्ही आकडे सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा.

ग्लोव्हजचा जुना नंबर इंचावरून आलेला आहे, ८ नंबर म्हणजे पंजाचा घेर साधारण ८ इंच, वीस सेंटीमीटरच्या थोडं वर. पण रेसिंगच्या काही कंपन्यांचं वेगळंच चालतं, त्यांच्यात १० नंबर म्हणजे मीडियम असतो, म्हणून दुसऱ्या कंपनीचा नंबर डोळे झाकून टाकू नका, प्रत्येक वेळी त्या कंपनीचा तक्ता बघा.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. चामडं आणि स्वेड वापराने थोडं सैलावतं, वापराने लहान होत नाही. फक्त बोटाची लांबी आड येत असेल तर मोठं घ्या, कारण बोटाच्या टोकाला शिवण टोचत राहिली तर वीस मिनिटांत रेसवरून लक्ष उडतं.

दुकानात घालून बघत असाल तर हात सरळ ठेवून बघू नका. बाहेर या, आपल्या गाडीचं हँडल दोन मिनिटं धरा, हँडलची जाडी व्हीलच्या रिमच्या जवळपासच असते. तळव्यात कापडाची घडी जमा होते का, बोटाच्या टोकाला रिकामी जागा राहते का, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये ताण पडतो का, एवढं बघा. तळव्यात घडी पडली तर तो ग्लोव्ह परत द्या, कितीही आवडला असला तरी, कारण तीच घडी दोन तासांनी फोड होणार आहे.

शिवण बाहेरून असलेले ग्लोव्हज विचित्र दिसतात, ते चांगले की आतून शिवलेले?

बाहेरून शिवलेले. दिसायला बोटांच्या कडेला धारा आल्यासारख्या वाटतात पण आत कातडीला काही लागत नाही, आणि रेसिंग ग्लोव्हजमध्ये मुद्दाम तसं करतात. सोबत बोटं आधीच वाकवून शिवलेली असली तर उत्तम, म्हणजे रिम धरल्यावर बोटाच्या आतल्या बाजूला कापड गोळा होत नाही. आतून शिवण असेल तर ग्लोव्ह उलटा करून शिवण किती चपटी आहे ते बोटाने चाचपून बघा, अंगठ्याच्या आतल्या बाजूला खासकरून, कारण अंगठाच बटणांवर सतत फिरतो.

खऱ्या रेसिंगचे, एफआयए मान्यतेचे ग्लोव्हज घेतले तर जास्त चांगलं नाही का?

घेतलेत तर चालतात, पण ज्याचे पैसे देता ते तुम्हाला लागणार नाही. एफआयए म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना, तिचं मानक ८८५६-२०१८ हे आगीसाठी आहे. त्या ग्लोव्हजमध्ये नोमेक्ससारखं अरामिड कापड असतं, ते आगीत वितळत नाही, हात बाहेर काढायला काही सेकंद मिळतात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बहरीनला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर रोमँ ग्रोजाँची गाडी पेटली, तो जवळजवळ अर्धा मिनिट आगीत होता, बाकी अंग वाचलं आणि हात भाजले. त्या ड्रायव्हरांना ते ग्लोव्हज का घालावे लागतात ते त्यातून कळतं. २०१८ पासून फॉर्म्युला वनच्या ग्लोव्हजमध्ये नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारा छोटा सेन्सरही शिवलेला असतो.

आपल्या खोलीत आग लागायचा प्रश्न नाही, आणि ते दोन थरांचं कापड मे महिन्यात सहन होत नाही. त्यांचा कफ लांब असतो कारण तो रेसिंग सूटच्या बाहीवर यायला पाहिजे, घरी टी-शर्टवर तो नुसता मनगटावर घाम साठवतो. शिवाय धुवायचे म्हटले तरी जपून.

त्याऐवजी कार्टिंगचे, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्या चालवतात त्यांचे, ग्लोव्हज बघा. त्यात आगीचा भाग नसतो, पातळ असतात, पकड चांगली असते, आणि कार्टला पॉवर स्टिअरिंग नसल्याने तळवा मजबूत केलेला असतो. अल्पाइनस्टार्स, स्पार्को, ओएमपी या तिन्ही इटलीच्या कंपन्यांचे कार्टिंग ग्लोव्हज येतात. खास सिमसाठीही आता निघालेत, स्पार्कोचा हायपरग्रिप त्यातलाच. माझं मत विचाराल तर बजेट असेल तर सिमचे किंवा कार्टिंगचे, एफआयएवाले नाही.

बाइकचे ग्लोव्हज घरात पडून आहेत, तेच घातले तर?

एक रेस घालून बघा, तुम्हालाच कळेल. बाइकचा ग्लोव्ह पडल्यावर हात वाचवायला बनवलेला असतो. बोटांच्या हाडांवर कडक प्लास्टिक, तळव्याला दुहेरी थर, टोकाला जाड शिवण. त्यामुळे पॅडल शिफ्टरचा (गिअर बदलायच्या, व्हीलमागच्या पट्ट्यांचा) टिक हाताला जाणवत नाही, बटण शोधताना शेजारचं दाबलं जातं, आणि फोर्स फीडबॅकमधले बारीक थरथर सगळे त्या जाड तळव्यातच विरतात. उन्हाळी जाळीवाले, प्लास्टिक नसलेले असतील तर काम भागेल, तेही नवीन ग्लोव्हज येईपर्यंत.

मग स्वस्तात काय चालेल? जिमचे, सायकलचे, क्रिकेटचे इनर?

एकेक सांगतो. सायकलच्या ग्लोव्हजमध्ये तळव्याला जेलची गादी असते, ती रिम आणि हाताच्या मध्ये डुलते, म्हणून गादी नसलेले मिळाले तरच घ्या. जिमचे नको, त्यांचा तळवा बार धरण्यासाठी जाड केलेला असतो.

क्रिकेटचे बॅटिंगचे इनर हे घाम शोषायला फार छान, पातळ, धुवायला सोपे, सीताबर्डीवर कोणत्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतात. पण सुती असल्याने चामड्याच्या रिमवर घसरतात आणि अंगठ्याच्या खाचेत लवकर विरतात. स्वेडच्या रिमवर मात्र चालून जातात, ज्याला फक्त रिम तेलकट होऊ द्यायचा नाही त्याच्यासाठी हा सगळ्यात स्वस्त उपाय.

मेकॅनिक लोक घालतात ते पातळ, कृत्रिम चामड्याच्या तळव्याचे ग्लोव्हज, हे माझ्या मते या यादीतले सगळ्यात योग्य. बोटांना पकड आहे, मागे ताणणारं कापड आहे, आणि ते रोज घासायलाच बनवलेले असतात. फक्त पंजाच्या मागे रबरी कवच नसलेला साधा प्रकार बघा. गोल्फचा ग्लोव्ह पकडीला अप्रतिम असतो पण बहुतेक वेळा एकाच हाताचा विकतात, आणि पातळ बकरीचं किंवा मेंढीचं कातडं या वापराला फार टिकत नाही.

अर्धी बोटं उघडी असलेले बरे की पूर्ण बोटांचे?

बटणं, एन्कोडर (फिरवायच्या खुंट्या), थंब व्हील (अंगठ्याने फिरवायच्या चकत्या) भरपूर असलेला, फॉर्म्युला गाडीसारखा रिम असेल आणि मे महिना असेल तर अर्धी बोटं. नाही तर पूर्ण. अर्ध्या बोटांत जिथे कापड संपतं तिथे काठ येतो, आणि तो काठ नेमका बोटाच्या मधल्या पेरावर, जिथे रिमचा दाब पडतो. काठ चपटा आणि शिवण नसलेला असेल तरच घ्या.

वेल्क्रो की इलास्टिक?

घरच्या वापराला इलास्टिक. पटकन निघतो, पटकन जातो, मध्ये दार उघडायला उठलात तरी त्रास नाही. वेल्क्रोचा पट्टा मनगटावर पक्का बसतो हे खरं, पण त्याची खरखरीत बाजू स्वेडच्या रिमला लागली की तंतू ओढून काढते, एकदा तो डाग पडला की जात नाही. वेल्क्रोवाले असतील तर काढल्याबरोबर पट्टा बंद करा आणि मगच ठेवा.

टचस्क्रीनला चालणारी बोटं हवीत का? व्हीआर वापरतो.

डॅशबोर्डसाठी फोन किंवा टॅब्लेट लावला असेल तर उपयोगी आहेत. पण तर्जनीच्या टोकाचा तो खास धागा सगळ्यात आधी झिजतो, म्हणून फक्त त्याच्यासाठी जास्त पैसे देऊ नका. व्हीआर हेडसेट घालताना ग्लोव्हज काढून ठेवा, तळव्यावरची धूळ लेन्सला लागते आणि तिथे चरे पडले की काही इलाज नसतो.

धुवायचे कसे? आईने मशीनमध्ये टाकले तर चालतील का?

मशीनमध्ये नको. कोमट पाणी बादलीत घ्या, थोडा शाम्पू किंवा बाळाच्या कपड्यांना वापरतात तसा सौम्य लिक्विड साबण टाका. ग्लोव्हज हातात घालूनच हात धुतल्यासारखे एकमेकांवर हळूच चोळा, बोटांच्या मधली जागा विसरू नका, तिथेच मीठ साठतं. साबण पूर्ण निघेपर्यंत साध्या पाण्यातून काढा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा.

वाळवायला गच्चीवर नको, ही नागपूरची खास सूचना आहे. आपलं ऊन तासाभरात ग्लोव्ह कडक करून टाकतं, चामडं आकसतं, तळव्याचं सिलिकॉन सुटायला लागतं. घरात फॅनखाली, बोटं खाली करून टांगा. एका रात्रीत होतात.

खरं चामडं असेल तर पाण्यात बुडवूच नका, ओल्या फडक्याने पुसा. सॅनिटायझरने काही पुसू नका, रिमही नाही, अल्कोहोलने चामड्याचं तेल जातं आणि रेक्झिनला भेगा पडतात. स्वेडचा तळवा गुळगुळीत झाला असेल तर तो पूर्ण वाळल्यावर मऊ टूथब्रशने एकाच दिशेने हळू घासा, तंतू पुन्हा उभे राहतात.

वास जात नाही, काय करू?

रेस झाली की ग्लोव्हज ड्रॉवरमध्ये कोंबता का? वास तिथून येतो. घामाला स्वतःचा फारसा वास नसतो, ओल्या कापडात जंतू वाढतात त्यांचा असतो. काढल्यावर उलटे करा, जमत नसेल तर बोटं मोकळी करून हवेत ठेवा. वास बसलाच असेल तर धुतल्यावर पूर्ण वाळवा, आत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटका. वरून परफ्युम मारू नका, हाताला खाज येते.

टिकतात किती? माझे तर लवकरच तळव्यातून गेले.

किती तास चालवता, रिम किती खरखरीत आहे आणि तुम्ही किती घट्ट धरता यावर सगळं आहे, त्यामुळे महिने सांगण्यात अर्थ नाही. पण झिजायच्या जागा ठरलेल्या असतात. अंगठ्याची खाच, तळहाताची करंगळीकडची कड, आणि पॅडल ओढणाऱ्या बोटांची आतली बाजू, कारण पॅडल ॲल्युमिनियमचं किंवा कार्बन फायबरचं असेल तर त्याची धार पातळ असते. एच शिफ्टर, म्हणजे गाडीसारखा वेगळा गिअरचा दांडा, वापरत असाल तर तो हात आधी जातो. आपल्यापैकी बरेच जण रोजच्या गाडीच्या सवयीने शिफ्टर डावीकडे लावतात, त्यांचा डावा ग्लोव्ह आधी फाटतो.

घेताना या जागांवर दुसरा तुकडा शिवलेला आहे का बघा, खासकरून अंगठ्याच्या खाचेत. तिथे दुहेरी शिवण असेल तर ग्लोव्ह टिकाऊ. बाकी सगळीकडे एकच थर असलेला बरा.

स्वस्त रेक्झिनच्या तळव्यापासून मात्र लांब राहा. ते बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचं (पीयू) असतं आणि ओलीने आतून विघटतं, न वापरता कपाटात ठेवलं तरी. पावसाळ्यानंतर काढलं की काळे पापुद्रे हाताला लागतात. पॅकेटवर नुसतं पीयू लिहिलेलं असेल तर घेऊ नका, मायक्रोफायबर किंवा स्वेड लिहिलेलं बघा.

रेसनंतर करंगळी आणि अनामिका बधिर होतात. जाड ग्लोव्हज घेऊ का?

नको, जाड ग्लोव्हजने उलट आणखी घट्ट धरावं लागेल. आधी बघा की ग्लोव्ह मनगटाला आवळत तर नाही ना. मग बसण्याची उंची बघा, व्हील फार वर असेल तर मनगट मागे वाकतं आणि कोपर टेबलाच्या काठावर दाबलं जातं. गेन कमी करा, अर्ध्या तासाने थांबून बोटं पूर्ण उघडा. तरीही बधिरपणा राहत असेल, रात्रीही जाणवत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, हे टाळू नका. हात आयुष्यभर पाहिजे आहेत.

आणि डायरेक्ट ड्राइव्हवाल्यांनी, म्हणजे मोटर थेट व्हीलला जोडलेली असते अशी सीएसएल डीडी, मोझासारखी जोरदार व्हील्स असणाऱ्यांनी, एक कायम पाळा. भिंतीला धडकणार हे दिसलं की अंगठे स्पोकच्या (रिमला मध्याशी जोडणाऱ्या दांड्यांच्या) आतून बाहेर काढा, रिम सोडून द्या. तो झटका ग्लोव्हज अडवू शकत नाहीत आणि अंगठा मुरगळायला एक क्षण पुरतो.

गेमिंग कॅफेत जाऊन खेळतो, तिथे पण ग्लोव्हज न्यायचे का?

तिथे तर नक्कीच. ज्या रिमवर दिवसभर दहा जणांचे हात लागतात तो किती वेळा पुसला जातो ते आपल्या हातात नसतं. स्वतःची पातळ जोडी सोबत ठेवा, घरी आलात की वेगळी धुवा.

बारा वर्षांच्या मुलीला शिकवतोय, तिच्या मापाचे मिळतच नाहीत.

कार्टिंगच्या ग्लोव्हजमध्ये मुलांची मापं वेगळी येतात, तिथे शोधा. मोठ्यांचा एक्स्ट्रा स्मॉल घेऊन चालवू नका, पंजा बसला तरी बोटं लांब पडतात. आणि तिच्यासाठी गेन निम्म्याच्याही खाली ठेवा, लहान मनगटावर ओढ फार पडते. लहान हात असलेल्या बायकांनाही मी हेच सांगतो, मुलांच्या मोठ्या मापात पुष्कळदा नीट बसतं आणि किंमतही कमी असते.

किती पैसे घालावे, आणि ऑनलाइन घ्यावे की दुकानातून?

पहिली जोडी दुकानातून, हातात घालून. मेकॅनिकचे किंवा उन्हाळी बाइकचे साधे ग्लोव्हज हजाराच्या आत-बाहेर मिळतात, त्यावर तुमचं माप आणि सवय कळते. मग ऑनलाइन मागवायचे तर परत घेण्याची सोय आहे का ते आधी वाचा, आणि परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्युटी आणि कुरियर धरून हिशेब करा, नुसत्या किमतीवर जाऊ नका. आल्यावर लेबल न काढता घालून, पूर्ण स्वच्छ हातांनी, रिम दहा मिनिटं धरून बघा. गेम सुरू करू नका, नुसतं धरा. टोचलं तर त्याच दिवशी परत.

शिवण उसवली तर फेकून द्यायचे का?

तळवा शाबूत असेल तर अजिबात नाही. आपल्या वस्तीतल्या चपला-बॅगा शिवणाऱ्या मोच्याकडे न्या, नायलॉनचा बारीक दोरा वापरायला सांगा, आणि टाके बाहेरच्या बाजूने घालायला सांगा, गाठही बाहेरच. अंगठ्याची खाच विरली असेल तर जुन्या ग्लोव्हच्या मनगटाजवळचा चांगला तुकडा कापून तिथे लावून घेता येतो, म्हणून फाटलेली पहिली जोडी टाकून देऊ नका. शिवून आणल्यावर आत बोट घालून गाठ लागत नाही ना ते तिथेच तपासा, आणि लागत असेल तर तिथेच उसवून परत घालून घ्या.